‘प्रयोग दाखवा, विज्ञान आपोआप कळेल’ हे खरं नाही

शिक्षक-पालकांच्या गटांत एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: विज्ञानाचं शिक्षण सुधारायचं तर मुलांना प्रयोग दाखवा, डोळ्यांनी पाहिलं की कळतंच, कृतीच्या पायऱ्या नीट दिल्या की प्रयोग फसत नाही, मोजमाप आणि लिखाण लादलं की गोडी जाते, आणि नव्या अभ्यासक्रम-निकषांना माहिती नकोच, फक्त कौशल्यं हवीत. प्रयोग हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण यातला एकेक दावा वर्गात उतरला की काय होतं, ते पाहायला हवं.

‘डोळ्यांनी पाहिलं की कळतं’

या संदेशाला शोभेल असा सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग घेऊ. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मुलांना सांगितलं जातं की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश आहे. पाणी चढतं हे खरं. कारण चुकीचं.

मेणबत्तीच्या मेणाचा, म्हणजे पॅराफिनचा, २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन अणूंचा रेणू जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू वापरले जातात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू तयार होतात. पाण्याची वाफ थंड होऊन द्रवरूप झाली असं धरलं, तरी ३८ रेणूंच्या जागी २५ रेणूंचा वायू उरतोच. म्हणजे सगळा २१ टक्के ऑक्सिजन संपला असता, तरी घट सुमारे ७ टक्केच झाली असती. त्यातही तो संपत नाही. ज्योत विझते तेव्हा आत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो.

मग पाणी का चढतं? ग्लास खाली आणताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते. काही हवा कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते. ३६० केल्विनपर्यंत (सुमारे ८७ अंश सेल्सिअस) तापलेली हवा ३०० केल्विनला (सुमारे २७ अंश) आली की आकारमान एक-षष्ठांशाने घटतं. उत्तर एक-पंचमांशाच्या जवळ जातं ते या योगायोगाने. पाणी झपाट्याने चढतं ते ज्योत विझल्यानंतर, ही गोष्ट प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. पण कधी चढलं हे कोणी विचारत नाही, म्हणून ती दिसूनही दिसत नाही.

हाच प्रयोग नीट वापरता येतो. तोच ग्लास, आधी एक मेणबत्ती, मग तेवढ्याच उंचीच्या तीन. पेटवण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं. ऑक्सिजनचं स्पष्टीकरण बरोबर असेल तर दोन्ही वेळा पाणी जवळपास सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांना ते ठळकपणे जास्त चढतं. ग्लासच्या कडेखाली दोन-तीन नाणी ठेवावीत, नाहीतर कड ताटलीला घट्ट बसते आणि पाणी आत येत नाही. पाणी अपुरं असेल तर ते संपून हवा आत शिरते आणि ते वाचन बाद होतं. ग्लास खाली आणण्याचा वेग दर वेळी सारखा ठेवून प्रत्येक मांडणी किमान तीनदा करावी.

अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण ही पद्धत रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी रूढ केली. अंदाज लिहिलेला नसेल तर निकाल पाहिल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं मूल प्रामाणिकपणे म्हणतं आणि जुनी समजूत जागची हलत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबणंही इथेच मोलाचं. शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांबतात, सकारण होतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं.

एक-पंचमांश खरोखर मोजायचं असेल तर ज्योत नको, गंज हवा; गंजताना लोखंड ऑक्सिजन स्वतःशी जोडून घेतं. स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गुंता, मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून झटकावं, म्हणजे त्यावरचा तेलाचा थर जातो. ते परीक्षानळीच्या तळाशी सैलसर बसवून नळी पाण्यात उपडी उभी करावी. एक-दोन दिवसांत १५ सेंटिमीटरच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढून थांबतं. वाचताना आतली-बाहेरची पातळी एकसारखी करावी. स्टेनलेस स्टीलची घासणी वापरली तर काहीच घडत नाही. ती गंजतच नाही.

‘पायऱ्या नीट दिल्या की प्रयोग फसत नाही’

फसत नाही, आणि शिकवतही फारसा नाही. लंबकाच्या प्रयोगात ‘५० सेंटिमीटर दोरा घ्या, २० आंदोलनं मोजा’ असं छापून दिलं की विचार करण्याजोगे निर्णय संपले. त्याऐवजी एवढाच प्रश्न द्यावा: दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, कशावर अवलंबून आहे? गट वस्तुमान, लांबी आणि झोक्याचा कोन एकदम बदलतील. बदलू द्यावेत. फरक नेमका कोणत्या घटकामुळे पडला हे सांगता येत नाही असं त्यांच्याच तक्त्यातून कळलं, की एका वेळी एकच घटक बदलण्याचा नियम त्यांना स्वतःला हवासा वाटतो.

हमखास होणाऱ्या चुका मात्र शिक्षकाला ठाऊक हव्यात. लंबक सोडताना ‘एक’ म्हटलं तर एक आंदोलन कमी भरतं, ‘शून्य’ म्हणायचं. लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. कोन १० अंशांच्या आत ठेवायचा.

‘मोजमाप आणि लिखाणाने गोडी जाते’

निरर्थक नोंदवहीने जाते, हे मान्य. ‘उद्देश, साहित्य, कृती’ फळ्यावरून उतरवणं बंदच करावं. पण २५ सेंटिमीटरच्या लंबकाचा दोलनकाल १ सेकंद आणि १०० सेंटिमीटरच्या लंबकाचा २ सेकंद, म्हणजे लांबी चौपट तर वेळ दुप्पट, हे केवळ पाहून कुणालाही कळणार नाही. एकच आंदोलन मोजलं तर हाताच्या ०.२ सेकंदाच्या चुकीत हा संबंध बुडतो. १० मोजून भागलं की चूक ०.०२ सेकंदावर येते. इथे गणित काढून घेतलं तर शोधच उरत नाही.

‘नव्या निकषांना माहिती नको’

हा समज निकष न वाचल्याचा आहे. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’मध्ये प्रत्येक अपेक्षा तीन धाग्यांनी विणलेली आहे: विज्ञानाच्या ८ कार्यपद्धती, सर्व शाखांत येणाऱ्या ७ संकल्पना आणि विषयाचा गाभा. सहावी ते आठवीच्या टप्प्यावरची एक अपेक्षा अशी: रासायनिक अभिक्रियेत अणूंची एकूण संख्या बदलत नाही, म्हणून वस्तुमान कायम राहतं, हे प्रतिकृतीच्या आधारे मांडा. अणू म्हणजे काय हे माहीत नसेल तर मांडायचं काय?

असं ज्ञान तपासणारा एक प्रश्न वर्गात करून पाहण्याजोगा आहे. १ लिटरची जाड काचेची बाटली, आत ५ ग्रॅम ओलसर स्टील वूल, बूच हवाबंद. आठवड्याने वजन किती भरेल? आणि बूच उघडल्यावर? बंद असताना वजन तेवढंच राहतं. उघडल्यावर हवा आत शिरते आणि ते सुमारे ०.२४ ग्रॅमने वाढतं; त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा लागतो. प्लॅस्टिकची बाटली आत दबते, म्हणून काचच हवी. गुण देताना फक्त ‘वाढलं’ या शब्दाला देऊ नयेत. आधीचा ऑक्सिजन लोखंडाशी जोडला जाऊन बाटलीतच राहिला आणि नंतर आलेली हवा बाहेरची आहे, हे दोन्ही चित्रात दाखवलं आहे का, ते पाहावं.