व्याख्यान होऊन गेल्यावर कळवता कशाला?

डोक्यात तिडीक गेलीय, म्हणून लिहितेय. मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात परवा बाहेरून आलेल्या एका संशोधकाचं व्याख्यान झालं. एखादा प्रोग्राम बरोबर आहे हे चार चाचण्या चालवून नव्हे, तर गणिताने कसं सिद्ध करायचं, असा विषय होता. विमानातलं सॉफ्टवेअर असो की प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपाइलर, जिथे चूक परवडत नाही तिथे हे तंत्र वापरतात. मी कल्याणच्या पलीकडच्या एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला शिकवते. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी या विषयाने झपाटलेली आहे. आमच्या लायब्ररीत त्यावर एक पुस्तक नाही, म्हणून ती मोबाइलवर पेपर उतरवून वाचते आणि अडलेल्या जागा वहीत लिहून आणते. त्यातलं बरंचसं माझ्याही अभ्यासाच्या बाहेरचं असतं. ते समजावून सांगू शकणारा माणूस मुंबईत आला, तासभर बोलला आणि निघून गेला. आम्हाला कळलं कधी? त्याच रात्री, शाल-श्रीफळाचे फोटो ग्रुपवर आले तेव्हा.

फोटोंना कधी उशीर होत नाही. पाहुणे गाडीत बसायच्या आत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप होऊन सह्यांना जातो. असं का, ते कॉलेजात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीला जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद, असलेले फोटो लागतात, हजेरीपत्रक लागतं, अहवाल लागतो. लोकांना आठ दिवस आधी कळवलं होतं का, हे कोणी विचारत नाही. म्हणून जे वरून मागतात ते वेळेत होतं आणि जे कोणी मागत नाही ते होतच नाही. व्याख्यान ऐकणाऱ्यासाठी असतं, ही साधी गोष्ट विसरली गेलीय. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून ऐनवेळी पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅबमधून उठवून हॉलमध्ये बसवतात. त्यांचं प्रॅक्टिकल बुडतं, विषय डोक्यावरून जातो, दार बंद असल्यामुळे उठताही येत नाही. आणि ज्यांना तो विषय जीव तोडून ऐकायचा होता ती मुलं त्या वेळी आपापल्या कॉलेजात बसलेली असतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

विभागाच्या वेबसाइटवर आगामी कार्यक्रमांची यादी बघावी, तर सगळ्यात वर गेल्या वर्षीची कार्यशाळा. तिच्याखाली एका चर्चासत्राचं नाव आणि पुढे ‘तारीख लवकरच’. ते चर्चासत्र होऊनसुद्धा गेलं, त्याचे फोटो दुसऱ्या पानावर आहेत, पण इथे अजून ‘तारीख लवकरच’ लटकतंय. त्याच विभागात वेब टेक्नॉलॉजी हा विषय शिकवतात. तारखेनुसार यादी लावणं आणि उलटून गेलेल्या नोंदी खाली ढकलणं हे तिथल्या विद्यार्थ्याचं एका दुपारचं काम आहे. ते त्याला करू द्या ना! त्याचा प्रोजेक्टही होईल.

कधीतरी पोस्टर आधी हाती लागतं, तर त्याने आणखी संताप होतो. मागच्या सत्रातलं एक पोस्टर अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर तीन बोधचिन्हं. त्याखाली कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख, समन्वयक, सहसमन्वयक, सगळे फोटोसकट. मधोमध जाड अक्षरांत ‘एक दिवसीय व्याख्यान’. व्याख्यात्याचं नाव त्याखाली, आणि विषय इतक्या बारीक अक्षरांत की चित्र मोठं केलं तर अक्षरं फुटतात. तारीख निळ्या पट्टीवर तांबड्या रंगात. वेळ ‘दुपारी ३ वाजता’, ठिकाण ‘सेमिनार हॉल’. कुठल्या इमारतीतला, कितवा मजला? बाहेरच्यांना प्रवेश आहे का? नाव आधी नोंदवायचं का? व्याख्याता नेमकं काय बोलणार आहे, त्याच्या दोन ओळी? काहीच नाही. ज्या माणसाला ऐकायला आम्ही येणार, त्याच्या विषयाला पोस्टरवर जागा उरली नाही, कारण ती सहसमन्वयकांच्या फोटोंनी खाल्ली. आणि हे सगळं चित्ररूपात, म्हणजे शोधलं तर सापडणार नाही. माझा एक दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो, त्याच्यासाठी तर ते पोस्टर म्हणजे नुसतं ‘इमेज’ एवढा एकच शब्द. संगणकशास्त्र विभागाला हे कळू नये?

तुम्हाला वाटत असेल, एवढं काय, एक व्याख्यान हुकलं. ज्यांच्या वसतिगृहाच्या खाली सेमिनार हॉल आहे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. माझी मुलं टिटवाळा, आंबिवली, बदलापूर, वांगणीहून येतात. कोणी सकाळी दूध टाकून येतं, कोणी दुपारनंतर मोबाइलच्या दुकानात बसतं. दुपारी तीनच्या व्याख्यानाला मुंबईत जायचं तर दुकानातून सुट्टी घ्यावी लागते, घरी सांगावं लागतं, परतताना संध्याकाळच्या गर्दीत कर्जत किंवा कसारा लोकल पकडायची असते. मुलींच्या घरून तर आधी मला फोन करून खात्री करून घेतात: ‘मॅडम, तुम्ही बरोबर आहात ना?’ मलाही प्राचार्यांकडून ड्युटी लीव्ह मंजूर करून घ्यावी लागते. हे सगळं आदल्या रात्री दहा वाजता आलेल्या निरोपावर कसं जमवायचं? रेल्वेला आपण उठता-बसता शिव्या देतो, पण रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे तीसुद्धा आदल्या दिवशीच्या पेपरात छापून आणते. तिला लाखो प्रवाशांना सांगता येतं. तुम्हाला एका हॉलचं वेळापत्रक सांगता येत नाही.

एवढं करून पोचलं तर गेट. आमची दोन मुलं मागे एकदा वेळेच्या आधी जाऊन उभी राहिली. रजिस्टरवर नाव, कॉलेज, मोबाइल नंबर, सगळं लिहून झालं. मग गेटवरचे काका म्हणाले, “बाळा, आतून यादी आली नाही. मी कसा सोडू?” त्या माणसाची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलांनी ऑफिसला फोन लावला, जेवणाची सुट्टी होती. मला लावला, मी तासावर होते. शेवटी आतल्या कोणीतरी येऊन सोडवलं, तोवर अर्धं व्याख्यान झालं होतं. त्यातला एक मुलगा आता कुठे जाऊया म्हटलं की म्हणतो, ‘नको मॅडम, आपल्याला आत घेत नाहीत.’ हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विद्यापीठ सरकारी पैशावर चालतं, माझं कॉलेज त्याच व्यवस्थेतलं आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याला तिथे आपण आगंतुक आहोत असं वाटतं.

कारणं मला तोंडपाठ आहेत. ‘पाहुण्यांचं नक्की नव्हतं.’ मान्य. पण त्यांचं विमानाचं तिकीट, गेस्ट हाऊस, मानधनाची मंजुरी या सगळ्याला तारीख लागते आणि ती फाइल आधी फिरलेली असते. मग तीच तारीख बाहेर सांगायला काय हरकत आहे? बदलली तर बदलली म्हणून सांगा. ‘हॉल लहान आहे.’ मग जागा किती ते सांगा, नावं नोंदवून घ्या, भरलं की बंद करा. ‘कॉलेजांना पत्र पाठवलं होतं.’ हे खरं आहे, पाठवलं होतं! ते आमच्या आवक विभागात व्याख्यान झाल्यावर पोचलं. तिथून प्राचार्यांच्या टेबलावर, तिथून शेरा मारून माझ्याकडे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आणि हे कुठल्या शहरात चाललंय? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतात रचून बांधलेला पहिला मोठा डिजिटल संगणक सुरू झाला. निर्वात नळ्यांचं यंत्र, मेमरी फक्त २०४८ शब्दांची (यंत्र एका दमात हाताळतं तो आकडा म्हणजे एक ‘शब्द’), आणि काम हाती घेतलं तेव्हा ते बांधणाऱ्यांनी कुठे असं यंत्र बांधलेलं नव्हतं. १९८६ मध्ये देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट या संगणक-जाळ्याचं काम सुरू झालं, तेव्हा त्यात पवईची आयआयटी होती आणि जुहूचं एनसीएसटी, म्हणजे सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र होतं. इथल्या संस्थांमधून ईमेल जायला लागले तेव्हा देशात घरोघरी साधा टेलिफोनसुद्धा नव्हता. त्या शहरातल्या संगणकशास्त्राच्या विभागाला आज एक तारीख वेळेत कळवता येऊ नये, याची लाज वाटायला हवी. साधनं नाहीत असंही नाही. कॅलेंडरमधल्या नोंदींची देवाणघेवाण करायचं आयकॅलेंडर हे प्रमाण १९९८ पासून आहे. कार्यक्रम एकदा नोंदवा, ज्याला हवं त्याच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये तो आपोआप येतो, वेळ बदलली की तिथेही बदलते. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने व्याख्यानं आणि परिषदांच्या नोंदींसाठी इंडिको नावाची प्रणाली बनवली, ती कोणालाही फुकट वापरता येते. परवान्याला दमडी लागत नाही.

याच शहरात हे नीट करून दाखवणारे लोक आहेत, म्हणून जास्त राग येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ करत आलेत. जुहूचं पृथ्वी थिएटर, माटुंग्याचं रुपारेल कॉलेज, रविवारी सकाळी अकरा. प्रवेश फुकट, ओळखपत्र नको, शाळेतल्या मुलापासून आजोबांपर्यंत कोणीही यावं आणि प्रश्न विचारावा. वार आणि वेळ ठरलेली असली की मुलं स्वतःच्या पायाने जातात, मला मागे लागावं लागत नाही. दर महिन्याचा एक ठरलेला वार, एवढंच तर लागतं.

आत पोचल्यावरचा वेळ कसा जातो, तेही सांगून टाकते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा सत्कार. तासाभराच्या कार्यक्रमातलं व्याख्यान पस्तीस मिनिटांवर येतं. व्याख्याता घाईघाईने स्लाइड पुढे ढकलतो, नेमकी सिद्धतेची स्लाइड गाळतो. मग ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’, आणि ते दोन्ही पहिल्या रांगेतले प्राध्यापक विचारतात, प्रश्न कमी आणि स्वतःचं मत जास्त. मागच्या रांगेत वहीत प्रश्न लिहून आणलेली मुलगी हात वर करून बसते. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ पुरतो.

पीएचडीच्या खुल्या मौखिक परीक्षेचंही तेच. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की ही परीक्षा विभागातले शिक्षक, इतर संशोधक विद्यार्थी आणि विषयात रस असलेले तज्ज्ञ-संशोधक यांच्यासाठी खुली असावी, आणि तिच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमावलीतही ती खुलीच आहे. खुली म्हणजे लोकांना आधी कळायला हवं ना? नोटीस लागते ती आदल्या संध्याकाळी, आतल्या कॉरिडॉरमधल्या काचेच्या फळ्यावर, ज्याची किल्ली शिपायाकडे असते. पुढे संशोधन करू पाहणाऱ्या मुलाने, उमेदवार आपल्या प्रबंधाचा बचाव कसा करतो, ते एकदा तरी डोळ्यांनी बघायला हवं. परीक्षक कुठे पकडतात, उमेदवार कुठे थांबतो, ‘हे मी तपासलेलं नाही’ असं सरळ कसं सांगतो, हे कुठल्या पुस्तकात मिळतं?

मी विभागप्रमुखांना लेखी दिलंय. सर, महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या महिन्याच्या व्याख्यानांची आणि खुल्या मौखिक परीक्षांची यादी लावा, मजकुराच्या रूपात, विषयाच्या दोन ओळींसकट. खोली क्रमांक लिहा. बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रवेश आहे की नाही ते लिहा आणि असेल तर गेटवर तसं कळवा. व्याख्यात्याची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग ठेवा. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही.

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये लिहिलंय की सार्वजनिक प्राधिकरणाने होईल तेवढी माहिती स्वतःहून, ठरावीक काळाने आणि इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी लोकांसमोर ठेवायचा सतत प्रयत्न करावा, म्हणजे लोकांवर अर्ज करायची वेळ कमीत कमी येईल. माझ्यावर ती वेळ आली आहे. सोमवारी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाकतेय: गेल्या वर्षभरात झालेलं प्रत्येक व्याख्यान, त्याची तारीख, ते कधी ठरलं, बाहेर कधी कळवलं आणि कोणाला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागेल. आलं की इथेच टाकते, जसंच्या तसं.