मोठं माणूस हरवलं तर चोवीस तास थांबायचं नसतं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. ‘घरातली मोठी व्यक्ती हरवली तर पोलीस २४ तास तक्रार घेत नाहीत, तसा नियमच आहे. मोठी माणसं बहुधा आपल्या मर्जीनेच जातात. चौकीत वेळ घालवू नका, फोटो आणि घरचा नंबर सगळ्या ग्रुपवर टाका.’ पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच असणार. पण यातलं एकेक वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून उत्तर देते आहे.

२४ तासांचा नियम कुठेच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. माणूस दिसेनासा झाला की त्याच तासाला ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल करता येते. अपहरणाचा, घातपाताचा संशय असेल तर गुन्हाच नोंदवावा लागतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर सक्तीचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असेल तर झिरो एफआयआर आहे, म्हणजे तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फरक एवढाच, की अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण धरूनच तपास सुरू होतो. मोठ्यांच्या बाबतीत तसं आपोआप होत नाही, धोका काय आहे ते आपल्याला पटवून द्यावं लागतं.

आम्ही ते केलंय. माझ्या मावशीला स्मृतिभ्रंश होता. एका दुपारी गॅसवर चहाचं आधण ठेवून ती बाहेर पडली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकांची. चौकीत ऐकायला मिळालं, ‘उद्यापर्यंत वाट बघा, येतील.’ माझा भाऊ हटला नाही. डॉक्टरांची फाइल टेबलावर उघडून बसला, तेव्हा कुठे मिसिंग लिहून घेतली. रात्री अकराला ती सापडली. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या वाड्याच्या जागी आता इमारत आहे, तिच्या बंद गेटचा गज धरून उभी होती. डिसेंबरची थंडी, अंगावर पातळ साडी.

चोवीस तासांत काय काय निसटतं बघा. फोनची बॅटरी संपते, आणि टॉवरचं लोकेशन फक्त पोलिसांनाच मिळतं. ज्या रिक्षावाल्याला चेहरा आठवला असता, त्याने तोवर पन्नास भाडी केलेली असतात.

आता मर्जीचा मुद्दा. सज्ञान माणसाला घर सोडून जायचा हक्क आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. असा माणूस सापडला तर पोलीस जबाब घेतात. त्याला फरफटत घरी आणता येत नाही. पण तो मर्जीने गेला होता हे कळतं ते तो सापडल्यावर. आधीच कसं ठरवणार? भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांच्या बाबतीत मर्जी हा शब्द तरी लागू होतो का? चिठ्ठी लिहून गेलेल्या पोराच्या बाबतीत?

फोटो फिरवण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मारहाणीला कंटाळून पळालेल्या बाईचा फोटो तिच्याच नवऱ्याचा नंबर लावून फिरू शकतो, आणि आपण तो हात जोडून पुढे पाठवतो. घरचा नंबर मिळाला की ‘तुमचं माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे फोन सुरू होतात. आणि माणूस सापडल्यावर तो मेसेज थांबवणार कोण? मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. तिचा फोटो मला या दिवाळीत पुन्हा आला.

म्हणजे लोकांना कळवू नये असं नाही. कळवावंच, पण पोलिसांनी पडताळून. अमेरिकेत हरवलेल्यांची खबर लोकांना तातडीने द्यायला मुलांसाठी अँबर अलर्ट आधीपासून होता, वृद्धांसाठी सिल्व्हर अलर्ट. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकमधून १९ वर्षांची आशांती बेपत्ता झाली. एकासाठी ती मोठी, दुसऱ्यासाठी लहान. तिचा मृतदेह शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात सापडला. मधल्या वयाच्या, धोक्यात असलेल्या माणसांसाठी २०१८ च्या अखेरीस आशांती अलर्टचा कायदा झाला. दक्षिण कोरियात जून २०२१ पासून हरवलेली मुलं आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण यांचं वय, उंची, कपडे असा मेसेज त्या भागातल्या फोनवर जातो.

आपल्याकडे सरकारचं ट्रॅकचाइल्ड पोर्टल झालं, ते हरवलेल्या मुलांसाठी. यंत्रणा नाही म्हणावं, तर २०२३ मध्ये अनेकांचे फोन एकदम किंचाळले होते, ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणीच होती. तीच वाट या कामी वापरायला हवी, अटी घालून: धोक्याचं ठोस कारण हवं, इशारा ठरावीक भागापुरता असावा, नंबर पोलिसांचा असावा, माणूस सापडल्याक्षणी रद्द व्हावा. त्या रात्री आमच्या भागात आणि जुन्या पेठेत एवढीच ओळ गेली असती तरी पुरे होतं: वय ७४, हिरवी साडी, पायात दोन वेगळ्या चपला.