अनुदान कामाला मिळते, निगराणीला नाही

मृद व जलसंधारणासाठी जमीनमालकांना मिळणारे अनुदान वाढवावे, हे आपण छापलेल्या लेखातील मत मला मान्य आहे. परंतु ते कशासाठी आणि कोणाला द्यायचे, हा प्रश्न रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे. ठिबकसारख्या योजनेचा अर्ज जमिनीच्या नोंदींवर आधारलेला असल्याने दुसऱ्याचे रान निम्म्या वाट्याने कसणारा त्यापासून दूरच राहतो.

सातारा जिल्ह्यातील आमच्या दुष्काळी माण-खटाव भागात याहून मोठी उणीव दिसते. बांधबंदिस्ती, म्हणजे माती-पाणी अडवायला रानात बांध घालण्याचे काम, एकदा झाली, तिचे मोजमाप लिहिले गेले, की तिकडे कोणी फिरकत नाही. जोरदार वळवाने सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी काढून देणाऱ्या वाटेचे, दगड सुटतात, पाणी बांधाला खिंडार पाडते आणि वरची सुपीक माती ओढ्याला लागते. शेततळ्यांचे तर अधिक वाईट वाटते, कारण प्लास्टिक अंथरलेली तळी कित्येक ठिकाणी बोअरच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे जे भूजल वाचवायचे तेच उपसून उन्हात उघडे ठेवले जाते.

अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेत, धूप होणाऱ्या जमिनीवर पीक न घेता गवत किंवा झाडे राखण्यासाठी १० ते १५ वर्षांचा करार होतो व दरवर्षी भाडे मिळते. रान असे पिकाविना ठेवणे आपल्या दोन-तीन एकरवाल्याला परवडणार नाही, हे उघड आहे. तरीही अनुदानाचा काही हिस्सा राखून ठेवावा आणि बांध व सांडवा शाबूत असल्याची दरवर्षी पावसाळ्यानंतर पाहणी करून तो प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या खात्यावर जमा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.