मित्राचं पुस्तक काढून देताना

कथासंग्रह तयार आहे आणि प्रकाशक नाही, असा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असतोच. चार प्रकाशकांनी "सध्या कथेला उठाव नाही" म्हणून त्याची बोळवण केलेली असते. पाचवा "छापू की, खर्च तुमचा" म्हणालेला असतो. म्हणून हा आता स्वतःच पुस्तक काढायचं म्हणतोय. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका. "मी आहे ना," एवढं म्हणा.

मात्र हस्तलिखित वाचायच्या फंदात पडू नका. वाचलं की मत द्यावं लागतं. मत दिलं की तो एखादी कथा काढून टाकतो, दोन कथांचे शेवट बदलतो आणि सहा महिने जातात. (तेवढ्यात पुस्तक सुधारलं तर तो ताप वेगळाच.) बाडाची जाडी बोटांनी चाचपा, मधलंच एखादं पान उघडून "व्वा!" म्हणा आणि थेट कागदाच्या भावावर या. संपादकाला दाखवू या का, असं त्याने विचारलंच तर चेहरा पाडा. मैत्रीत एवढा अविश्वास बरा नव्हे.

अक्षरजुळणीला आपला नेहमीचा डीटीपीवाला गाठा. मित्राने सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिलेला असतो. तुमचा माणूस वर्षानुवर्षं पेजमेकर या जुन्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर बसलेला, त्यामुळे तो आधी सगळं आपल्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करणार. त्यात 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, 'तऱ्हेवाईक' मामा 'तर्हेवाईक' होतात आणि अवतरणचिन्हांच्या जागी कुठूनसा 'ङ' उगवतो. मित्र पान ४७ वर बोट ठेवून रडकुंडीला येईल. त्याला सांगा, वाचक संदर्भाने घेतो समजून.

मुखपृष्ठाला चित्रकार कशाला? एआयला "नऊवारीतली बाई, विहीर, संध्याकाळ" एवढं सांगितलं की काम झालं. बाईच्या डाव्या हाताला सहा बोटं येतील, पण रंग कसले सुरेख! संग्रहातल्या एकाही कथेत विहीर नाही, हे तुम्हाला कसं कळणार? तुम्ही कुठे वाचलाय?

आता प्रस्तावना. ती तुम्हीच लिहा. संग्रह नेमका १६० पानांत बसवलेला असतो, म्हणजे सोळा-सोळा पानांचे १० फर्मे (एका तावावर एकदम छापून निघतात ती पानं म्हणजे फर्मा), एक पान वाया नाही. तुमची प्रस्तावना पाच पानांची झाली की अकरावा फर्मा लागतो आणि त्यातली ११ पानं कोरी उरतात. ती भरण्यासाठी स्थानिक नगरसेवकांचा शुभसंदेश, लेखकाचा परिचय, आणि जागा उरलीच तर तुमचाही परिचय, फोटोसकट.

पण तुमचं खरं कसब दिसतं ते प्रतींच्या आकड्यात. हल्ली डिजिटलवर पन्नास प्रतीही छापून मिळतात, संपल्या की पुन्हा छापता येतात, हे मित्राच्या कानावर जाऊ देऊ नका. त्याला ऑफसेटचं गणित समजवा. प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च शंभराला जेवढा तेवढाच हजाराला, मग हजारच काढ ना, प्रत किती स्वस्त पडते बघ! गणित अगदी बरोबर आहे. त्या हजार प्रती घेणार कोण, हे त्या गणितात येत नाही, आणि तुम्हीही आणू नका. टेम्पो येईल तेव्हा मित्राचं घर तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बंद असेल. तुम्हाला त्याच दिवशी नेमकं लग्न असेल. पहिले गठ्ठे दिवाणाखाली जातील, पुढचे माळ्यावर, उरलेले पाहुण्यांच्या खोलीत. वहिनींनी काही विचारलंच तर लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असं म्हणून चहा मागा.

सरकारी सोपस्कारांचीही जबाबदारी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आपल्याकडे दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, म्हणून 'गोल्ड पॅकेज'वाल्या एखाद्या कंपनीकडून तो विकत घ्यायला लावा. सोबत एक स्मृतिचिन्हही मिळतं. १९५४ च्या कायद्याने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. त्या पाठवायला विसरा. दंड फार तर पन्नास रुपये आणि वर पुस्तकाची किंमत. त्या निमित्ताने तरी एका प्रतीचे पैसे कोणीतरी मोजले असं होईल, मग ते लेखकानेच का असेनात.

प्रकाशन समारंभ दणक्यात करा. हॉल, शाल, श्रीफळ, बटाटेवडा, सगळं लेखकाच्या खर्चाने. सूत्रसंचालन तुमचं. प्रमुख पाहुण्यांना पुस्तक व्यासपीठावरच मिळेल असं बघा, म्हणजे ते स्वतःच्या बालपणावर मोकळेपणाने पाऊण तास बोलतील. लेखकाला शेवटी चार मिनिटं द्या आणि तिसऱ्या मिनिटाला चिठ्ठी सरकवा.

दाराशी विक्रीचं टेबल असेल. तिकडे फिरकू नका. सगळ्यांदेखत मित्राच्या खांद्यावर हात टाकून म्हणा, "माझी प्रत बाजूला ठेव हं, सही करून." तुमच्या मागे उभ्या असलेल्या, पाकीट काढू की नको अशा विचारात पडलेल्या माणसांना यातून योग्य ती दिशा मिळते. एका संध्याकाळी साठ प्रती भेट जातात. विक्रेता चाळीस-पन्नास टक्के कमिशन मागतो म्हणून कुरकुरणाऱ्या मित्राला सांगा, इथे निदान हिशेब तरी ठेवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाची पीडीएफ सोसायटीच्या, शाळेच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाका. साहित्य तळागाळात पोचलं पाहिजे.

यानंतर मित्र तुमचा फोन उचलायचा बंद होईल. मनाला लावून घेऊ नका. गावात काव्यवाचनं होतच असतात. मागच्या रांगेत बसा आणि कोणाच्या शबनममधून स्पायरल बाइंडिंग डोकावतंय तेवढं हेरून ठेवा.