कॉशन ऑर्डर

गेल्या रविवारपासून आमच्या घरात ताशी १० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. तिचा कागद, म्हणजे रेल्वेच्या भाषेत कॉशन ऑर्डर, आत्ता माझ्यासमोर आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीमागे निळ्या बॉलपेननं, ठसठशीत अक्षरात लिहिलंय: 'पूल क्र. १. वेग ताशी १० किमी. कारण: तिसऱ्या खांबाच्या पायाला तडा.' खाली सही, सहीखाली तारीख. शिवाय पुलाच्या अलीकडे टूथपिकला बांधलेलं एक लाल फडकं.

पूल थर्माकोलचा आहे.

दोन वर्षं झाली, डोंबिवलीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मी ८ बाय ४च्या प्लायवर खंडाळ्याचा घाट बांधतोय. एचओ स्केल, म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान. प्रमाणशीर बांधायचं तर घर पुरत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरा बोरघाट १८३१ फूट चढतो. भागिले ८७ केलं तरी २१ फूट. म्हणजे माझं खंडाळा स्टेशन दोन स्लॅब फोडून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलमध्ये निघालं असतं. म्हणून मी उंचीत तडजोड केली. तरी काका आलेच.

त्याआधी डोंगराबद्दल थोडं सांगू द्या, कारण त्यातलं कुणीच काही विचारत नाही. मोबाइलवर डोंगर बांधायला शिकवणारे सगळे गोरे लोक आल्प्स बांधतात. टोकदार सुळके, वर बर्फ, खाली सूचिपर्णी झाडं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. माथा सपाट, अंगाला पायऱ्या. तो थर्माकोलला आयता जमतो. पत्रे एकावर एक चिकटवा, कडा सुरीनं ओबडधोबड तासा, झाली खंडाळ्याची नागफणी. थर्माकोल विकत घ्यावा लागत नाही. मखराच्या थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली, पण टीव्हीच्या खोक्यातला अजून येतो, आणि आमच्या इमारतीत कुणी नवा फ्रिज घेतला की पेढ्यांआधी मला फोन येतो. त्यावर कोंबड्यांची जाळी, जाळीवर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला पेपर, पेपरवर पीओपी. जाळी घेताना दुकानदारानं विचारलं, "पक्षी किती?" मी म्हटलं, "डोंगर करायचाय." तो म्हणाला, "मग बारीक भोकाची घ्या, मुंगूस शिरतं."

माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. झाडं म्हणजे भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचे तुकडे. भांडी कशानं घासायची, हा प्रश्न घरात वर्षभर चर्चेत आहे. थर्माकोलचे पांढरे दाणे अंगाला, पडद्याला, एकदा तर आमटीत. एकदा मी कातळाला काळपट छटा यावी म्हणून स्प्रेचा रंग मारला. त्यातल्या द्रावणानं थर्माकोल विरघळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाटातल्या मंकी हिलला दरड कोसळल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचतो. त्या दिवशी ती डोळ्यांदेखत, सुं सुं आवाज करत कोसळली. शेजारच्या आजी तेव्हा दारातच होत्या. म्हणाल्या, "किल्ला अजून ओला दिसतोय. महाराज कुठे बसवणार?" मी म्हटलं, आजी, इथून रेल्वे जाणार. "महाराजांच्या वेळी कुठे होती रे रेल्वे?" असं म्हणून त्या माझ्या अज्ञानाची कीव करत निघून गेल्या.

तर काका. काका रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रूळ, खडी, स्लीपर, पूल यांचे मालक. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या अर्जावर माझी सही घ्यायला आले आणि प्लायसमोर थांबले.

"कुठला सेक्शन?"

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. दोन वर्षांत येणाऱ्या प्रत्येकानं एक तर 'किती खर्च आला?' विचारलं, नाही तर 'वेळ कसा मिळतो बुवा तुला!' दुसरं वाक्य म्हणणारा माणूस स्वतः रोज चार तास अंगठ्यानं मोबाइल सरकवत असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. आयपीएलच्या वेळी दोन महिने टीव्हीसमोर मांडी ठोकणाऱ्याला विचारत नाहीत. रूळ चिकटवणाऱ्या माणसानंच तेवढा हिशेब द्यायचा. असो. मी छाती फुगवून म्हटलं, "कर्जत–खंडाळा."

काकांनी चष्मा नाकावर घेतला. "खडी कमी आहे," म्हणाले आणि सही घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊ वाजता बेल. काका इस्त्रीची पँट घालून दारात. एका हातात स्पिरिट लेव्हल, दुसऱ्या हातात स्टीलची फूटपट्टी, खिशात टॉर्च. बायकोला म्हणाले, "इन्स्पेक्शन आहे." ती म्हणाली, "या ना, चहा टाकते." तिच्या आवाजात दोन वर्षांत न ऐकलेला उत्साह होता.

काकांनी गुडघ्यावर बसून रुळांमधलं अंतर मोजलं.

"साडेसोळा मिलिमीटर."

"हो काका, एचओचं तेवढंच असतं."

"ब्रॉडगेज १६७६. भागिले तुझे ते ८७. सव्वाएकोणीस यायला हवं." त्यांनी डोळे मिटून गुणाकार केला. "म्हणजे खऱ्या लाइनीवर २४ सेंटीमीटर गेज टाइट. चोवीस सेंटीमीटर! आमच्याकडे मिलिमीटर वाढला तर मेमो यायचा."

"तयार रूळ परदेशी मापाचेच मिळतात. तिकडचं गेज १४३५."

"मग तिकडचा घाट बांधायचास."

माझा अकरा वर्षांचा भाचा हे सगळं वहीत लिहून घेत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वळण. त्रिज्या विचारली, मी म्हटलं १८ इंच. ८७नं गुणल्यावर झाली चाळीस मीटर. काका म्हणाले, "१७५० भागिले ४०. चव्वेचाळीस अंशांचा कर्व्ह. ब्रॉडगेजला दहाच्या वर परवानगी नाही. आणि बाहेरचा रूळ उचललेला कुठाय? कँट १६५ मिलिमीटरपर्यंत देतात, तुझ्या हिशेबानं दोन मिलिमीटरसुद्धा होत नाही. तेवढंही जमू नये?"

मग चढ. लेव्हलच्या एका टोकाखाली काड्यापेटीतल्या काड्या सरकवत ते पोटावर झोपले.

"पंचवीसात एक. खरा घाट सदतीसात एक आहे."

सदतीसात एकनं गाडी नुसती आठ सेंटीमीटर उचलायची, तरी पावणेदहा फूट लांबी लागते. माझं प्लाय आठ फुटांचं. हे मी समजावून सांगितलं. काकांचा चेहरा बिल्डरनं गच्चीच्या गळतीचं कारण सांगताना होतो तसा झाला.

"बँकर किती लावतोस?" बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला लावायचं जादा इंजिन.

"इंजिन एकच आहे, काका."

"मग गाडी चढते कशी?"

मी जरा घुटमळलो. "मी ढकलतो. बोटानं."

"मागून?"

"मागून."

"बरोबर," काका म्हणाले. "घाटात बँकर मागूनच लावतात."

एवढी एकच शाबासकी मिळाली, तीही बोटाला.

आता पूल. हा पूल मी अकरा रात्री बांधलाय. पाच कमानी, प्रत्येक कमान पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर बेतून घेतलेली. वर पीओपीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच कंपासच्या टोकानं एकेक दगड कोरलेला, कमानीच्या डोक्याशी किल्लीचा दगड वेगळा, थोडा मोठा. दगडांना तीन प्रकारचे राखाडी रंग. खांबांच्या खाली शेवाळ म्हणून हिरवट पाणी. हा पूल बघून कुणी तरी एकदा "वा!" म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती दोन वर्षं थकलेली आहे.

काकांनी बोटाच्या पेरानं खांब ठोकला. "पोकळ वाजतोय."

"थर्माकोल आहे, काका."

"पुलाला नंबर नाही. पुराच्या पातळीची खूण नाही. उद्या पाणी किती चढलं कसं कळणार?"

नदी फेव्हिकॉलची आहे, वाळलेली, हे मी बोललो नाही. तोवर त्यांची टॉर्च तिसऱ्या खांबाच्या पायाशी थांबली होती. तिथे करवंदाची एक जाळी आहे. होती.

"हे झुडूप कुणी वाढू दिलं?"

"शोभेसाठी लावलंय."

"पुलाच्या पायाशी झाड? मुळं सांध्यात शिरतात, चुना सुटतो, दगड ढिला होतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं." आणि त्यांनी टूथपिकनं, डॉक्टरनं टाका काढावा तशा हळुवारपणे, माझी करवंदाची जाळी उपटली.

आत तडा होता.

मला माहीत होता. दिवाळीत सासूबाई आल्या तेव्हा प्लाय भिंतीला उभं केलं होतं, तेव्हाचा तो. केसाएवढा. त्यावरच तर मी स्क्रबर चिकटवला होता. काकांनी वर पाहिलं. ती नजर मी दहावीत कॉपी पकडली गेली तेव्हा शेवटची बघितली होती.

"लपवलास," ते म्हणाले.

भाच्यानं तेही लिहिलं.

मग बराच वेळ व्याख्यान झालं. घाट १८६३ला सुरू झाला आणि १८६७ साली त्यावरचा एक दगडी पूल कोसळला, ते कसं, आणि तोही असाच कुणीतरी झुडूप लावणारानं बांधला असेल, असं त्यांचं मत पडलं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ठेका पुढे चालवला, हे ऐकून स्वयंपाकघरातून "बघा!" असा आवाज आला. काय बघायचं ते कळलं नाही. त्यानंतर काकांनी पावती मागितली, ऑर्डर लिहिली, आणि झेंड्यासाठी लाल कापड मागितलं.

ताशी १० किलोमीटरला ८७नं भागलं की सेकंदाला तीन सेंटीमीटर येतात. माझं इंजिन एवढं हळू चालतच नाही. ते पुलावर थांबतं, गुरगुरतं, गरम होतं. पूर्वी ज्या पुलावरून माझी गाडी झोकात जायची, तिथे आता ती रोज उभी राहते आणि भाचा घड्याळ लावून म्हणतो, "मामा, लेट." मी काही रेल्वेचा नोकर नाही. घर माझं, प्लाय माझं, परदेशी इंजिनावरची कस्टम्स ड्युटी माझ्या खिशातून गेलेली. रात्री सगळे झोपल्यावर फडकं काढून गाडी पळवावी, असं दोनदा मनात आलं. एकदा काढलंही. पण पूल ओलांडताना माझंच लक्ष तिसऱ्या खांबाकडे. परत लावून टाकलं.

आज सकाळी काका पुन्हा आले, चुना, ब्रश आणि बारीक चाळलेली खडी घेऊन. अकरा ते चार ब्लॉक घेतलाय म्हणाले. आठवड्याचे सहा दिवस मी लोकलला लोंबकळतो, रविवारी मेगाब्लॉक म्हणून घरी बसतो, आणि आता घरातही मेगाब्लॉक. साडेतीनला मी भीत भीत विचारलं, "झालं का काका?" पोटावर झोपलेल्या काकांनी मान न वळवता सांगितलं, "ब्लॉक वाढवलाय. सहापर्यंत."

बायको चहा घेऊन आली. काकांना कप दिला, मला म्हणाली, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

लाल फडकं तिच्याच ब्लाउजपीसचं आहे, हे मला तेव्हा दिसलं. मॅचिंग सेंटरमधून आणलेलं, नवं, कात्रीनं नीट सरळ कापलेलं.