एकेक फंक्शन हाताने कशाला?
लेख आवडला, पण इमेज लायब्ररीचं बाइंडिंग (सी मधली लायब्ररी पायथॉनसारख्या भाषेतून वापरता यावी म्हणून लिहिलेला जोडकोड) करताना प्रत्येक सी फंक्शनला हाताने रॅपर, म्हणजे त्याला आतून कॉल करणारं छोटं फंक्शन, लिहा हा सल्ला अजिबात पटला नाही. लिबविप्स ही सी मधली इमेज लायब्ररी बघा ना, त्यात ३०० च्या आसपास ऑपरेशन्स आहेत आणि प्रत्येक ऑपरेशन स्वतःच सांगतं की मला इनपुट कोणते लागतात, टाइप काय, ऑप्शनल कोणते, मग पायविप्स हे तिचं पायथॉन बाइंडिंग रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, तेच विचारून घेतं आणि सीएफएफआयमधून (पायथॉनमधून सी फंक्शन बोलावायची लायब्ररी) कॉल करतं, त्यामुळे लायब्ररीत नवीन ऑपरेशन आलं की बाइंडिंगला हात न लावता ते पायथॉनमधे वापरता येतं. रुबी भाषेतल्या बाइंडिंगचंही तसंच. ओपनसीव्ही या दुसऱ्या इमेज लायब्ररीत मात्र हेडरमधेच (फंक्शन्स जाहीर करणाऱ्या फाइल्स) खुणा करून ठेवलेल्या असतात, बिल्ड होताना स्क्रिप्ट त्या वाचून बाइंडिंगचा कोड तयार करते.

खरी डोकेदुखी मेमरीची, आणि त्यावर लेखात जेमतेम दोन ओळी आहेत! पायथॉनच्या गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) आपला इमेज ऑब्जेक्ट चिमुकला दिसतो, त्यामागे सी मधे किती एमबी पिक्सेल अडकलेत ते त्याला कळतच नाही. शिवाय नमपायचा (पायथॉनची आकड्यांच्या अ‍ॅरेंची लायब्ररी) बफर, म्हणजे पिक्सेल ठेवलेली मेमरी, कॉपी न करता लिबविप्सला दिला तर इमेज जिवंत असेपर्यंत त्या बफरचा रेफरन्स धरून ठेवावाच लागतो, कारण लिबविप्स पिक्सेल लगेच वाचत नाही, आउटपुट मागितल्यावर वाचतं. यावर वेगळा लेख लिहाच प्लीज, नवीन मुलं इथेच अडकतात.