दहा टक्के खाटा, दोन टक्के पैसे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांच्या उपचारांसाठी बाजूला काढायच्या पैशांवर, म्हणजे निर्धन रुग्ण निधीवर, मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि संतापाने भरलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: पाटीवर ‘धर्मादाय’, आत मात्र कोटींची उलाढाल. गरिबांच्या खाटा फक्त कागदावर. तुमच्या शेजाऱ्यांना रात्री अकरा वाजता इमर्जन्सीत आणले, तेव्हा आधी पन्नास हजार भरायला सांगितले. मग ‘त्या कोट्यातली खाट नाही’ म्हणाले, आणि डिस्चार्जच्या दिवशी रेशनकार्ड दाखवल्यावर ‘आता उशीर झाला’. आणि हे सगळे चालू असताना मी लेखात रुग्णालयांची वकिली करतो.

वकिलीचा आरोप बाजूला ठेवतो. बाकीच्यात तुमचा राग रास्त आहे, पण तो तुम्ही चुकीच्या जागी काढताय असे मला वाटते. रुग्णालय कोटी कमावते हा गुन्हा नाही. धर्मादाय न्यासात मालक नसतो, नफा वाटता येत नाही, एवढाच ‘ना नफा’चा अर्थ. प्राप्तिकरातून सूट हवी असेल तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम न्यासाच्या उद्दिष्टांवर खर्च झाली पाहिजे. डॉक्टरांचे पगार, नवे एमआरआय, नवी इमारत हे सगळे त्या खर्चातच येते. म्हणजे श्रीमंत धर्मादाय रुग्णालय ही विसंगती नव्हे. संशय घ्यायचाच असेल तर तो भाड्यावर आणि कंत्राटांवर घ्या. औषधांचे दुकान कोणाला चालवायला दिले आहे, तपासणीची लॅब कोणाची, इमारतीचे भाडे कोणाच्या खिशात जाते, हे पाहा. विश्वस्तांच्या नातेवाइकांना असा अवाजवी लाभ देणे कायद्याने मना आहे. शिवाय दुकान आणि लॅब बाहेरची दाखवली की त्यांची बिले रुग्णालयाच्या एकूण बिलात धरली जात नाहीत, आणि गरिबांच्या निधीत जाणारे दोन टक्केही तेवढ्याने घटतात. वार्षिक हिशेबपत्रकात हे दिसते. कोणी पाहत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता नियम. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये मंजूर केलेली योजना त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू आहे. तिचा आधार म्हणजे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधले कलम ४१ कक. एकूण चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी, मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीत. बाकी रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के, कोणतीही वजावट न करता, निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात. सुरुवातीला उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला २५ हजार आणि दुर्बलांसाठी ५० हजार होती. ती वाढत आता १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार झाली आहे. (मर्यादा शिळी होऊ देणे ही आपली जुनी खोड. १९८८ च्या ६४ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेने रुग्णालयांना यंत्रे आयात करताना शुल्कमाफी दिली. त्या बदल्यात महिना ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा आणि बाह्यरुग्णांपैकी ४० टक्क्यांना मोफत उपचार अशी अट होती. ते ५०० रुपये किती वर्षे पुरले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.)

खरी गोम दहा आणि दोन या आकड्यांत आहे. समजण्यापुरते एक रुग्णालय धरू: ३०० खाटा, वर्षाचे बिल २०० कोटी. निधीत वर्षाला ४ कोटी जमा होतात, म्हणजे महिन्याला ३३ लाखांच्या आसपास. निर्धनांच्या खाटा ३०. सरासरी पाच दिवसांचा मुक्काम धरला तर एका खाटेवर महिन्याला सहा रुग्ण, एकूण १८०. वाटणी केली तर एका रुग्णामागे साडेअठरा हजार. त्याच निधीतून दुर्बल घटकांच्या बिलातला सवलतीचा भागही जायचा असतो. हृदयाची एक झडप बदलायची शस्त्रक्रिया किंवा आयसीयूतले तीन आठवडे यांनी त्या महिन्याचा हिशेब कोलमडतो. खाटा दहा टक्के आणि पैसे दोन टक्के, हे गणित मुळातच जुळणारे नाही. म्हणून योजनेने बिलाचे दोन भाग केले आहेत, आणि भांडण कुठे करायचे ते तिथेच आहे.

पहिला भाग बिलात यायचाच नाही: खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, रुग्णालयात मिळत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, सफाई, नेहमीच्या तपासण्या. निर्धन रुग्णाला हे मोफत, आणि त्यासाठी निधीला हातही लावायचा नाही. हा खर्च रुग्णालयाने स्वतः सोसायचा असतो. दुसरा भाग औषधे, वापरून टाकायचे साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) यांचा. ते रुग्णालयाच्या खरेदी किमतीला धरायचे, बाकी बिल रुग्णालयातल्या सर्वात खालच्या वर्गाच्या दराने करायचे आणि ते निधीतून वळते करायचे. एखाद्या डॉक्टरने फी सोडली असेल तर ती बिलात धरायची नाही. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधे, साहित्य आणि इम्प्लांटच्या बिलाचा किमान अर्धा भाग स्वतः भरायचा.

‘खरेदी किंमत’ या दोन शब्दांवर थोडे थांबू. मांडीचे हाड मोडलेला एक दुर्बल घटकातला रुग्ण घ्या, आकडे माझे. इम्प्लांटवर छापील किंमत ६० हजार, रुग्णालयाची खरेदी २८ हजार. औषधे आणि साहित्य छापील किमतीने २४ हजार, खरेदीने १४ हजार. योजनेप्रमाणे बिल ४२ हजारांचे होते आणि रुग्णाने त्यातले निम्मे, म्हणजे २१ हजार भरायचे. आता काऊंटरवरच्या माणसाने नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून छापील किमतीचे बिल काढले: ८४ हजार. ‘पन्नास टक्के सवलत’ म्हणून त्यातले ४२ हजार घेतले. पावतीवर सवलत ठसठशीत छापलेली. प्रत्यक्षात रुग्णाने रुग्णालयाच्या खरेदीचा पैन् पै भरला आणि निधीतून छदामही गेला नाही. यात लबाडी असतेच असे नाही. बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाचा वर्ग ‘जनरल’ असाच राहिलेला असतो. पण बिल हातात आल्यावर पाहायची पहिली जागा हीच. सवलतीचा आकडा पाहू नका. किंमत कोणती लावली आहे ते पाहा आणि औषधांचे तपशीलवार बिल मागा.

दुसरी गळती बाहेरून आणलेल्या औषधांची. वॉर्डातून चिठ्ठी येते, ‘हे इंजेक्शन आपल्याकडे नाही, बाहेरून आणा’. नातेवाईक धावत जातात. ते पैसे रुग्णालयाच्या बिलात येतच नाहीत, त्यामुळे निधीतून वळते होण्याचा प्रश्नच उरत नाही. निर्धन वर्गात नोंद झालेल्या रुग्णाच्या बाबतीत अशी चिठ्ठी आली तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि ‘हे रुग्णालयामार्फत मागवा’ असे सांगा. आणावेच लागले तर चिठ्ठीची प्रत आणि दुकानाचे बिल जपून ठेवा.

आता ‘उशीर झाला’. ते उत्तर उद्धट होते, पण निराधार नव्हते, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. रुग्ण निर्धन वर्गात की साध्या, हे दाखल होतानाच ठरते. सेमी-प्रायव्हेट किंवा प्रायव्हेट खोली घेतली तर योजना लागूच होत नाही. जनरल वॉर्डात राहूनही वर्ग नोंदवला नसेल, तर सगळे बिल साध्या दराने तयार होते. डिस्चार्जला ते उलटवायचे म्हणजे रुग्णालयाला महिन्याचा अहवाल आणि निधीचा हिशेब दोन्ही बदलावे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकाला गाठायचे, अर्ज भरायचा आणि त्याच्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यायची. कागद पुरे नसले तरी अर्ज द्या. ‘दाखला आणून देतो’ एवढे लिहिलेले असले तरी पुढे ते उपयोगी पडते.

कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. पांढरे कार्ड इथे कामाचे नाही. दाखला सेवा केंद्रातून काढायला पंधरवडा सहज जातो, आणि हाड काही पंधरवडा थांबत नाही. म्हणून घरात म्हातारी माणसे किंवा जुना आजार असेल तर दाखला आधीच काढून ठेवा आणि मुदत संपली की नवा घ्या. आणखी एक बारीक गोष्ट, जिथे हमखास अडते: रुग्णाचे नाव त्या कार्डावर नसते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर असते, नाहीतर तिथून कमी केलेले पण सासरी चढवलेले नसते. काऊंटरवर याला तोड नसते, तलाठी आणि पुरवठा कार्यालय गाठावेच लागते.

‘खाट नाही’ या उत्तराला एकच प्रश्न विचारा: निर्धनांसाठी किती खाटा, आणि आज त्यातल्या किती भरलेल्या? ३०० खाटांच्या रुग्णालयात ‘३० पैकी ३०’ असे उत्तर आले तर ते तपासता येते. ‘फुल आहे हो’ हे तपासता येत नाही. या खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या (न्यासांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) व्यवस्थेत ऑनलाइन भरायची असते. आकडा जुळत नसेल तर नकार लेखी मागा. लेखी देणार नाहीत, हे ठाऊक आहे. मग तुम्हीच अर्ज लिहा, ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक पदावरच्या व्यक्तीने खाट नाही असे सांगितले’, तो आवक विभागात द्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात पाठवा. आयसीयूचे मात्र वेगळे आहे. दहा टक्के एकूण खाटांवर मोजतात, पण राखीव खाटा बहुधा जनरल वॉर्डातच दाखवलेल्या असतात. व्हेंटिलेटर सगळ्यांनाच अपुरे असतात, त्यामुळे तिथला नकार खरा असू शकतो.

‘निधी संपला’ हे उत्तर आले तर ते निम्मेच खरे माना. निधी तुटीत जाऊ शकतो, वरच्या गणितात तेच दिसते. पण खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, जेवण यांचा निधीशी संबंध नाही. ते मोफत देण्याचे बंधन शिलकीवर अवलंबून नाही.

शिबिरांना तुम्ही ‘जाहिरातबाजी’ म्हटलेत. बरीचशी तशीच असतात: रक्तदाब मोजायचा, टोपी वाटायची, पुढे काही नाही. शिबिरात साखर ३०० निघालेल्या माणसाला तीन महिन्यांनी कोणी विचारले का, यावरच शिबिराची परीक्षा होते. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे वढूचे ग्रामीण काम दशकानुदशके एकाच भागात चालू आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर सुगीच्या वेळी ज्वारी घेऊन कुटुंबांचा आरोग्य विमा चालवला. हप्ता ज्वारीत घ्यायचा, कारण शेतमजुराच्या हातात त्या दिवसांत नोटा नसतात, ज्वारी असते. असे काम बॅनर लावून होत नसते.

राहिली ती रात्री अकराची अनामत. योजनेत हे स्वच्छ लिहिले आहे: तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचे, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, अनामत मागायची नाही, आणि पुढे सरकारी रुग्णालयात हलवायचे असेल तर वाहनाची सोयही रुग्णालयानेच करायची. इथे उत्पन्नाचा दाखलाही आधी लागत नाही. त्यामुळे बिलाचा वाद सुटो न सुटो, अनामतीची तक्रार तुमच्या शेजाऱ्यांना आजही करता येईल. तिला लागणारे दोन कागद त्यांच्याकडे असणार: पैसे भरल्याची पावती आणि इमर्जन्सीचा केसपेपर. दोन्हींवर वेळ असते. डॉक्टरांनी रुग्ण पाहिल्याच्या आधीची वेळ पावतीवर असेल, तर त्या दोन कागदांच्या झेरॉक्स अर्जाला आधी जोडा. बाकीची हकीकत दुसऱ्या पानावर लिहिली तरी चालेल.